काजळी पुसण्याचा एक दिवस

एक मे म्हटले की आमच्या घरातल्या मुलांना आधी आठवतो तो निकाल. सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडावंदन, मग वर्गात बाईंच्या हातून प्रगतिपुस्तक, आणि परत येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे. मोठ्यांच्या लेखी तो महाराष्ट्र दिन. शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिल्यावर १९६० साली मिळालेले राज्य. आणि माझ्या वडिलांच्या पिढीला विचाराल तर तो कामगार दिन. वडील गिरणीत रिंग खात्यात होते. त्या दिवशी भोंगा वाजत नसे. ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून मोर्चाला जात. इस्त्रीचा सदरा त्यांच्या अंगावर वर्षातून दोनदाच दिसे. एकदा १४ एप्रिलला आणि एकदा १ मेला.

आता माझी नात चौथीत आहे. कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी लढा दिला, हे तिच्या पुस्तकात आले तेव्हा तिने मला विचारले, “आजी, त्यांनी एक मेच का निवडला? दोन मे का नाही?” प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. मी “शिकागो, शिकागो” एवढेच म्हणत राहिले. मग लायब्ररीत बसून वाचले, थोडे लेकाकडून समजून घेतले. जे हाती लागले ते आपल्या भगिनींना आणि मुलाबाळांना सांगावे म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट ही की, एक मे हा कामगारांचा होण्याच्या कितीतरी आधीपासून युरोपात सण होता. तिकडचा हिवाळा म्हणजे आपली डिसेंबरची थंडी नव्हे. महिनोन्‌महिने झाडाला पान नाही, सूर्य चार वाजताच बुडतो, गुरे गोठ्यात बांधलेली. एप्रिल संपता संपता ऊन येते आणि रानात पांढरी फुले फुटतात. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये या दिवसाला बेल्टेन म्हणत. गुरे उन्हाळी कुरणांवर सोडण्याआधी दोन जाळांच्या मधून हाकलत नेत, त्यांना रोगराई होऊ नये म्हणून. इंग्लंडमध्ये तरुण पोरेपोरी पहाटे उठून रानात जात आणि हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या फुललेल्या फांद्या घेऊन येत. गावाच्या मधोमध उंच खांब उभारत, त्याला फुले बांधत आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचत. या खांबाला मेपोल म्हणतात.

हा सण गरिबांचा, शेतमजुरांचा, घरकामाच्या पोरींचा. त्या दिवशी मालकाची परवानगी न घेता पोर बाहेर राहिली तरी फारसे कोणी बोलत नसे. म्हणूनच वरच्या लोकांना तो खुपत असे. १६४४ साली इंग्लंडच्या कर्मठ पार्लमेंटने देशातले सगळे मेपोल उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पुढे राजा परत आला आणि १६६१ साली लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर १३४ फूट उंचीचा मेपोल पुन्हा उभा राहिला. तो उभारायला खलाशी बोलवावे लागले. जहाजाच्या डोलकाठ्या उभ्या करायची ज्यांना सवय, त्यांनाच ते काम जमणार.

आता शहरात रान कुठले? तिथे हा सण कष्टकरी जमातींनी आपापल्या परीने साजरा केला, आणि मला खरी गोडी वाटली ती इथे. सॅम्युअल पेपिस नावाचा एक सरकारी अधिकारी रोज रोजनिशी लिहीत असे. १ मे १६६७ रोजी तो वेस्टमिन्स्टरला निघाला, तर वाटेत त्याला दूधवाल्या बाया भेटल्या. दुधाच्या बादल्यांवर फुलांचे हार, पुढे एक सारंगीवाला, आणि बाया नाचत चाललेल्या. पुढच्या शंभर वर्षांत या रिवाजाने मोठे रूप घेतले. बाया चांदीची तबके, किटल्या, पेले उसने किंवा भाड्याने आणत, त्यांचा मनोरा रचत, फुलांनी मढवत आणि आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांच्या दारात नाचत. गिऱ्हाईक पैसे देई. वर्षभर पहाटे डोक्यावर ओझे घेऊन जिने चढणाऱ्या बाईच्या हातात त्या दिवशी चांदी, मग ती एका दिवसापुरती उसनी का असेना.

दूधवाल्यांचे पाहून आणखी एका जमातीने हा दिवस उचलला. ती म्हणजे धुराडी साफ करणारी पोरे. इथे मला जरा सविस्तर सांगायचे आहे.

लंडनच्या घराघरांत कोळशाच्या शेगड्या जळत. धुराड्यात काजळी साचली की ती पेट घेई आणि घर जळे. म्हणून वरचेवर ती खरवडून काढावी लागे. धुराडी अरुंद आणि वाकडीतिकडी, काही तर जेमतेम नऊ इंच चौरस. त्यात मोठा माणूस शिरणार नाही. म्हणून पाच-सहा वर्षांची पोरे वापरत. ही पोरे कोणाची? अनाथालयातली, नाहीतर अशा आईबापांची की ज्यांनी चार पैशांसाठी लेकरू मालकाच्या हवाली केले. पोर गुडघे आणि कोपरे टेकत अंधारात वर सरके, ब्रशने काजळी पाडे. गुडघे-कोपरे सोलवटून निघत. ते टणक व्हावेत म्हणून मालक त्यांना आगीसमोर उभे करून खारे पाणी चोळत असे. रात्री झोपायला काजळीचीच पोती. कोणी धुराड्यात अडकून गुदमरून मेले, कोणी जळून मेले. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली दाखवून दिले की, या कामगारांच्या अंडकोशाला होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो. एखाद्या धंद्यामुळे कॅन्सर होतो हे वैद्यकशास्त्रात सांगणारी ही पहिली नोंद मानतात. आणि ती काजळी? तीही वाया जात नसे. मालक ती शेतकऱ्यांना खत म्हणून विकत.

अशा पोरांचा सण म्हणजे एक मे. त्या दिवशी ती कागदी बेगडाचे कपडे घालत, भल्यामोठ्या पांढऱ्या टोपांनी डोकी सजवत आणि काळ्या तोंडाला पीठ फासत. वर्षभर काळे असलेले तोंड त्या एका दिवशी पांढरे. हातातले ब्रश आणि फावडी एकमेकांवर आपटून ताल धरत रस्तोरस्ती नाचत आणि पैसे मागत. त्यांच्यात एक ‘हिरवा जॅक’ असे. वेताच्या उंच सांगाड्याला चहूबाजूंनी पाला बांधायचा आणि आत एक माणूस शिरून नाचायचा. लांबून पाहावे तर झाडच चालत आले! हा जॅक म्हणजे कोणी अतिप्राचीन वनदेव, असे पुष्कळ वर्षे छापून येत होते. पण अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा तो अठराव्या शतकाच्या शेवटाआधी कुठेच सापडला नाही. देवबीव कोणी नाही. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून पोटासाठी राबणाऱ्या माणसांनी शोधून काढलेले ते सोंग होते. मला स्वतःला ही गोष्ट देवापेक्षा जास्त आवडली.

लंडनच्या पोर्टमन चौकात एलिझाबेथ माँटेग्यू नावाच्या श्रीमंत बाई राहत. त्या दर एक मेला या पोरांना आपल्या वाड्याच्या अंगणात जेवायला बोलवत. भाजलेले गोमांस आणि मनुका घातलेले पुडिंग. १८०० साली त्या वारल्या, तोवर हा रिवाज चालला. बाईंचे मन चांगले असणार, त्याबद्दल वाद नाही. पोरेही पोटभर जेवली असणार. पण दोन मेला सकाळी काय? दोन मेला पोर पुन्हा धुराड्यात. कदाचित त्याच चौकातल्या एखाद्या वाड्याच्या.

आता कायद्याचे पाहा. १७८८ साली कायदा झाला की आठ वर्षांखालचे पोर कामाला लावू नये. कोणी पाळला नाही. १८३४ साली दुसरा झाला. १८४० साली तिसरा, त्यात तर एकवीस वर्षांखालच्या कोणालाही धुराड्यात चढवायला मनाई. तोही पाळला गेला नाही. १८६४ साली चौथा. बरे, दुसरा उपाय नव्हता असेही नाही. जॉर्ज स्मार्ट नावाच्या माणसाने १८०३ मध्येच लांब दांड्यांचा, एकात एक बसणारा ब्रश काढला होता. खालून ढकलला की वरपर्यंत जाई. पण घरमालक म्हणत की यंत्राने गालिचे खराब होतात, पोरच बरे. वाकडी धुराडी सरळ करून घ्यायची तर खर्च येतो. आणि उमरावांच्या सभागृहात बिले फेटाळली जात. गालिचा आणि पोर यांत काय महाग, याचा हिशेब त्या लोकांनी सत्तर वर्षे केला.

१८७५ साली केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाचे धुराडे साफ करायला जॉर्ज ब्रूस्टर नावाचे कोवळे पोर चढवले. ते अडकले. भिंत फोडून बाहेर काढले, पण थोड्याच वेळात वारले. मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्याच वर्षी नवा कायदा मंजूर करून घेतला. त्यात नवे काय होते? आता प्रत्येक धंदेवाल्याला दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्यावा लागणार. पोर चढवलेले दिसले की परवाना जाणार. म्हणजे पाळला न गेल्यास मालकाच्या पोटावर पाय येईल, असा हा पहिला कायदा. आणि पोरे धुराड्यातून खरोखर खाली उतरली.

आता नातीच्या प्रश्नाकडे येते. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी भाड्याचे आणि कामाचे करार एक मेपासून मोजत. वसंत आला, नवे वर्ष धरा, अशी ती जुनी वहिवाट. इलिनॉय राज्याने आठ तासांचा कायदा केला, तोही १ मे १८६७ पासून लागू होणार होता. मालकांनी तो कागदावरच ठेवला. म्हणून १८८४ साली तिथल्या कामगार संघटनांनी ठराव केला की १ मे १८८६ पासून आम्ही आठच तास काम करू, कायदा असो वा नसो. त्या दिवशी देशभर लाखो कामगारांनी हत्यारे खाली ठेवली. ३ मेला शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. ४ मेला हेमार्केट चौकातल्या निषेध सभेत कोणीतरी बाँब फेकला. तो कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ कामगार पुढाऱ्यांना दोषी ठरवले. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी दिले, त्याआधी एक तुरुंगातच मरण पावला होता. उरलेल्या तिघांना १८९३ साली राज्यपाल ऑल्टगेल्ड यांनी सोडले आणि खटलाच अन्यायाने चालला असे लिहून दिले. असे लिहिणे सोपे नव्हते. पुढची निवडणूक ते हरले.

१८८९ साली पॅरिसला जगभरच्या कामगार प्रतिनिधींनी ठरवले की १ मे १८९० रोजी सगळ्या देशांत एकाच दिवशी आठ तासांची मागणी करायची. तेव्हापासून हा दिवस जगाचा झाला. वॉल्टर क्रेन या इंग्लिश चित्रकाराने १८९४ साली ‘कामगारांचा मेपोल’ असे चित्र काढले. जुना खांब, जुना फेर, पण फेर धरणारे कामगार बायाबापे, आणि हातातल्या फितींवर मागण्या लिहिलेल्या. वसंताचा सण आणि कामगारांचा दिवस त्याने एकाच दोरीत बांधले. गंमत अशी की, ज्या अमेरिकेत हे रक्त सांडले, तिथे १८९४ पासून सरकारी कामगार दिन सप्टेंबरात पाळतात. आणि ज्या इंग्लंडात मेपोल नाचले, तिथे मेच्या पहिल्या सोमवारची सरकारी सुट्टी १९७८ साली मिळाली.

१८९० चे साल आपल्या मुंबईलाही विसरता येत नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून झगडत होते. तोवर कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत आणि सुट्टी फक्त सणाला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्या काळी, आणि त्याही गिरणीतल्या बाया! जूनमध्ये मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज रविवारी मटण आणून निवांत जेवतो, ते लोखंड्यांमुळे.

भारतात पहिला मे दिन मद्रासला सिंगारवेलू यांनी १९२३ साली पाळला. पुढे मुंबईतही लाल बावटे फडकू लागले. पण माझ्या वडिलांच्या वडिलांना त्या मोर्चात चालताना एक सल होता. गिरणीत कामगार सगळे एक, असे भाषणात म्हणत. प्रत्यक्षात साचेखात्यात, म्हणजे विणकामात, आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. तिथे पगार चांगला. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून छिद्रातून काढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, असे इतर कामगार म्हणत. मालक नव्हे, कामगारच. म्हणून आजोबाही रिंग खात्यात, आणि वडीलही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि आपल्या मागण्यांत हीही मागणी घाला असे बजावले. फेर धरायचा तर सगळ्यांचे हात हातात घ्या, नाहीतर तो फेर कसला?

आणि त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्क हिरावणाऱ्या बिलाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संप घडवला. सल गिळून नव्हे, सल बोलून दाखवून मग बरोबर गेले. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. सहाने भागा म्हणजे कळेल. शिकागोच्या लोकांनी ज्यासाठी फाशी घेतली, ते आठ तास आपल्या देशात कायद्याच्या पुस्तकात आले ते या दुरुस्तीने. हा भागाकार मी नातीला वहीवर करून दाखवला. तिला बरोबर आला.

पण तिला धुराड्यातल्या पोरांचेच पडले होते. “आता तसे कोणी करत नाही ना?” मी गप्प बसले. आपल्याकडे धुराडी नाहीत, गटारे आहेत. १९९३ साली हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध कायदा झाला. २०१३ साली दुसरा झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा त्यात गुन्हा ठरला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये द्या म्हणून सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, निकाल आहे, यंत्रेही आहेत. आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमीही येतच असते. उतरलेला कोणत्या जातीचा, हे त्यात लिहीत नाहीत. लिहायची गरज कोणाला वाटत नसावी.

यंदा निकालाच्या दिवशी आम्ही दोघी शाळेत निघालो तर आमच्या गल्लीत झाडूवाल्या मावशी नेहमीसारख्या कामावर. नातीने त्यांना आधी प्रगतिपुस्तकाचे सांगितले, मग म्हणाली, “मावशी, आज कामगार दिन. तुम्हाला सुट्टी नाही?”

मावशी हसल्या. “कायमवाल्यांना आहे, बाळा. आम्ही कंत्राटातले. आलो नाही तर आजचा खाडा लागतो.”

“मग आज डबल पगार?”

“मागच्या वर्षी मुकादमाला विचारलं तर म्हणाला, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार काय आम्हाला दिसतोय?” त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदराने तोंड पुसले. “यावर्षी आम्ही अकरा बायांनी कागद लिहिलाय. सगळ्यांच्या सह्या. तिघींनी अंगठे दिले, बाकी सह्या. दुपारी हजेरी चौकीवर देणार आहोत. पोचपावती घेतल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.”

कागद त्यांनी ब्लाउजमधून काढून दाखवला. चार घड्या घातलेला, घामाने जरा ओला. नातीने तो उलगडून मोठ्याने वाचला. एका ठिकाणी ‘मजुरी’तला ‘म’ राहून गेला होता. तिने कंपासपेटीतले पेन काढले आणि तो घातला.